वजन भरलं

काटा बंद झाला तेव्हा अक्काबाईच्या पाटीत मासा अजून तडफडत होता. चांगला हातभर लांबीचा कटला, जाड ओठांचा, कल्ल्यांची उघडझाप चाललेली. तिनं पाटी डोक्यावरून उतरवून काट्याखाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. आकडा वाचायचा तो शेडबाहेरच्या माणसालाही ऐकू जाईल असा वाचायचा, ही तिची रोजची ताकीद. पण मासेमारी सोसायटीचा चेअरमन सावळीराम काट्याचा हूक वर वाशाला अडकवून त्याला सुतळीनं गाठ मारत होता. तिच्याकडं न बघताच तो म्हणाला की काकू, आजपासून वजन नाही, पाणी बंद झालं.

अक्काबाईला वाटलं काट्याचा सेल उतरला असेल. तिनं तसं बोलूनही दाखवलं, वर चेअरमन झाल्यापासून सावळ्याच्या खिशाला साधा सेल परवडत नाही असंही ऐकवलं. कोणी हसलं नाही. तराफ्यांवरून उतरलेली माणसं ओल्या चड्ड्यांनी शेडच्या कडेला उभी होती. त्यांच्यामागं लंकाबाई, तिचीही पाटी भरलेली आणि तोंड मिटलेलं. लंकाबाईचं तोंड मिटलेलं बघितल्यावर अक्काबाईला कळलं की खरंच काहीतरी झालंय.

करवंदवाडीची भाताची खाचरं या धरणाच्या पोटात गेली. त्याच्या बदल्यात वाडीला पाणी मिळालं, म्हणजे मासा धरायचा हक्क मिळाला. अक्काबाई तेव्हा नवी नवरी होती. भाताची रोपं लावणारी बोटं जाळ्याच्या गाठी मारायला शिकली, नवऱ्यानं ट्रकच्या ट्यूबवर बसून सगळं पाणी पायाखाली घातलं, आणि हळूहळू वाडीत कोणी खाचरांचं नाव काढीनासं झालं. पाण्याला मात्र अटी होत्या. पाणी उघडल्यावर ज्या घरचा माणूस तराफा घालणार नाही त्या घराचं नाव सोसायटीतून कमी व्हायचं, मग ते पाणी त्या घराला कायमचं परकं. या अटीला सगळे भ्यायचे. दुसरी अट अशी होती की सगळ्या वाडीनं मिळून एका सालात ठरल्यापेक्षा जास्त वजनाचा मासा काढायचा नाही. तेवढं वजन भरलं की धरण बंद, ते थेट पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे अंडी धरलेल्या माद्या राहतील आणि पाण्यात मासा उरेल. ही अट मात्र कोणाच्या ध्यानातही नव्हती, कारण ते वजन कधी भरलंच नव्हतं. निम्मा मासा घोटीच्या रस्त्याला हॉटेलवाल्यांना परस्पर जायचा, बाकीच्यातला घरच्या कालवणात, पाहुण्यारावळ्यात. उरेल तो काट्यावर.

काट्यावर घालायचा तोही एका मानापुरता. ज्या घराचं वजन जास्त त्या घराचा तराफा पाणी उघडायच्या दिवशी पहिला निघायचा. खण-नारळ त्या घरच्या बाईनं पाण्याला द्यायचा आणि बाकीच्यांनी काठावरून बघायचं. नवरा होता तोवर अक्काबाईनं हा मान कोणाला शिवू दिला नव्हता. तो गेला, आणि त्याच्या मागोमाग मान लंकाबाईच्या घरात गेला. नारळ देऊन परत फिरताना लंकाबाई सगळ्या बायांच्या देखत म्हणाली, "अक्के, नवरा गेला तसं पानी बी गेलं म्हनायचं."

अक्काबाई लंकाबाईसमोरून माघारी फिरली. जन्मात पहिल्यांदा. घरी येऊन तिनं मुलाला आणि सुनेला समोर बसवून हुकूम सोडला की यापुढं या घरचा एक मासा काट्यावर चढल्याशिवाय कुठं जाणार नाही. हॉटेलात नाही, रस्त्यावर नाही, चुलीवर तर नाहीच. बुधानं मान हलवली. तिचा एकुलता एक, बापासारखाच कमी बोलणारा. सून सविता कालवणाला चार चिलापी बाजूला काढायची, तर तिला त्या आधी शेडवर नेऊन वजन करून आणाव्या लागत. बायका हसायच्या, की सासूनं सुनेच्या भगुल्यालाही काटा लावला. पण लंकाबाई हसली नाही. तिनं दुसऱ्याच दिवसापासून आपल्या घरचं शेपटी-काट्यासकट सगळं वजनाला आणायला सुरुवात केली. दोघी आणतात म्हटल्यावर मागं कोण राहील? सगळी वाडी आणू लागली.

थंडी सरता सरता सावळीराम एकदा अंगणात येऊन टेकला होता. चहा घेतला, सवितानं दिलेली सुपारी चघळली, आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाला की काकू, थोडं कमी आणा काट्यावर, जरा जपून घ्या. पुढचं त्याला धड बोलता आलं नाही आणि अक्काबाईनं बोलूही दिलं नाही. खरं वजन घालणाऱ्याला चेअरमन चोरी शिकवायला लागला, सोसायटीचे दिवस भरले, असं तिनं त्याला दारापर्यंत ऐकवलं.

आणि आता शिमग्याची राख अजून चौकात पडलेली असताना वजन भरलं. सावळीरामनं मोबाइलवर आलेला सरकारी हुकूम सगळ्यांना वाचून दाखवला. वाचून झाल्यावर माणसं एकमेकांकडं बघेनात, अक्काबाईकडं बघू लागली. ती म्हणाली, "खरं वजन घातलं ह्यो गुन्हा झाला का?" मग ज्याला त्याला हातातल्या माशाची आठवण झाली. न तोललेला मासा परत पाण्यात सोडायचा होता.

बुधा पाटी घेऊन गुडघाभर पाण्यात गेला. कटल्याला दोन्ही हातांत उभा धरून त्यानं बराच वेळ मागंपुढं हलवला, कल्ल्यांतून पाणी खेळावं म्हणून. हात काढला की मासा आडवा व्हायचा. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. शेवटी त्यानं सोडून दिला आणि तो पांढरं पोट वर करून लाटेबरोबर काठाकाठानं हलत राहिला. बुधा वर आला आणि आईच्या अंगावरून निघून गेला.

त्यानंतर तो आईशी बोललाच नाही. तराफा पालथा घातला, जाळी धुऊन वळणीवर टाकली आणि दिवसभर ओट्यावर बसायला लागला. काठावर राखण सोसायटीचीच माणसं आळीपाळीनं करायची, त्यामुळं चोरून जाळं टाकायचं तर आपल्याच चुलत्याच्या डोळ्यासमोर टाकायचं. दिवस कलला की मोठमोठे कटले धरणाच्या मध्यावर उड्या मारायचे आणि त्यांच्या पडण्याचा आवाज थेट ओट्यापर्यंत यायचा. बुधाच्या बोटांच्या पेरांवर जाळ्याच्या दोऱ्यानं वर्षानुवर्षं चिरे पडलेले, ते कधी भरायचे नाहीत. आता ते भरून आले. सविता एकदा त्याच्या हाताकडं बघत म्हणाली की किती मऊ झाले, आणि अक्काबाईला त्या बोलण्याचा इतका राग आला की तिनं सुनेच्या हातची भाकरी त्या दिवशी खाल्ली नाही.

घरात नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नात वेदिका नुकती चालायला लागली होती. नाव सवितानं टीव्हीवरनं उचललेलं. अक्काबाई म्हणायची, नाव घेता घेता पोर म्हातारी व्हईल, आणि तिला नुसतं बाय म्हणायची. ही बाय जेवायला बसली की ताटात बोट फिरवून मासा शोधायची, नाही सापडला की ताट ढकलायची. रस्त्यावरच्या हॉटेलात बर्फातला मासा कुठून तरी टेम्पोनं यायला लागला होता. सविता म्हणाली, पोरीपुरता एक आणू का? अक्काबाई म्हणाली, "ह्या घरात इकतचा मासा शिजला तर त्या चुलीत मला घाला."

चैत्राचं ऊन तापलं आणि लंकाबाई वाडीत फिरू लागली. तिचं माहेरापासूनचं एक अंग मजुरीचं. मासे कमी असत त्या साली ती देवळा तालुक्यात कांदा काढायला बायामाणसांची टोळी घेऊन जायची, तिकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक होती. अक्काबाईनं आजवर त्यावरून तिला काही कमी बोलून घेतलं नव्हतं. पाणी असताना दुसऱ्याच्या मातीत बोटं घालणारी, भाड्याची बाई. या साली निम्मी वाडी टोळीत नाव द्यायला आली. लंकाबाई घरोघर गेली आणि अक्काबाईचं दार तेवढं टाळून पुढं गेली.

सविता आपण होऊन तिच्याकडं गेली. परत येऊन चुलीशी बसली आणि तिघांचं सांगून आले म्हणाली. अक्काबाईनं विचारलं तिघं कोण. सविता म्हणाली, "ह्ये, मी आन तुमी. बायला संगं न्यायची, मग तिच्यापाशी कोन?" तिचा आवाज चढला नव्हता, डोळेही वर नव्हते. अक्काबाई बुधाकडं बघत राहिली, की आता हा म्हणेल, आई नाही जायची. बुधा पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत होता.

पिकअपच्या हौद्यात माणसं, भगुली, गोधड्या आणि कोंबड्यांचं एक खुराडंसुद्धा. लंकाबाई मुकादम म्हणून पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसली. नाशिक मागं पडलं, द्राक्षाच्या बागा मागं पडल्या, डोंगर बोडके होत गेले. अक्काबाईनं सगळ्या वाटेत एकदाच तोंड उघडलं, ते बुधाला सांगायला, की पावसाळा सरायच्या आत परत यायचं, तराफ्याच्या ट्यूबला ठिगळ लावायचंय.

देवळ्याच्या पलीकडं महेश नावाच्या शेतकऱ्याचं रान होतं. माणूस चाळिशीचा, बरा बोलणारा, गाडीवरून खाली न उतरता सगळ्या शेतभर फिरणारा. त्यानं टोळीला कांदा साठवायच्या चाळीशेजारची पत्र्याची शेड राहायला दिली. पहाटे उठून रानात जायचं, पात धरून कांदा उपटायचा, ओळीनं पसरायचा, वरून त्याचीच पात झाकायची. ऊन डोक्यावर आलं की शेडमध्ये बसून सुकलेली पात विळ्यानं कापायची. माती भाजायची. कांद्याच्या वाफेनं डोळ्यांतून पाणी गळायचं आणि ते पुसायला हात न्यावा तर हातालाही तेच. अक्काबाईच्या हातांना ओलं काम ठाऊक होतं, हे कोरडं काम त्यांना बाधलं. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, भेगांत कांद्याचा रस गेला. तिनं हूं केलं नाही. रात पडली की हात पदराखाली घेऊन पडायची.

कापण्यात ती मागं पडू नये म्हणून झपाझप विळा चालवायची. जाळं विणणारा हात, त्याला काय जड? पण कांद्याला दोन बोटं पात ठेवून कापायचं असतं, नाहीतर चाळीत तो सडतो, आणि तिनं चेहराच उडवल्यासारखे कांदे गोल गोल कापून ढीग लावला होता. महेशची आई काठी टेकत आली. जाडजूड म्हातारी, नाकात नथ नसून नथीचं भोक तेवढं. काठीनं ढीग उसकटून, तो कोणाचा म्हणून तिनं अहिराणीत विचारलं, "हाऊ ढीग कोना शे व?"

शेडमध्ये विळे थांबले. अक्काबाईनं मान वर केली नाही. लंकाबाई उठून आली, म्हातारीला म्हणाली की नवीन माणूस आहे, शिकेल, ढीग बाजारात आधी लावून टाका. मग अक्काबाईच्या पुढ्यात उकिडवी बसली, एक कांदा घेतला, सावकाश कापून दाखवला, जसा पोराला दाखवावा तसा. "घाई नगं, अक्के. हितं कोनी वजन मोजीत नाय तुजं."

दोघीचौघी खुदकन हसल्या. सविताही हसली, निदान अक्काबाईला तसं दिसलं. पुढं दिवसभर ती दोन-दोन बोटं पात ठेवून, एकेक कांदा डोळ्यांपुढं धरून कापत राहिली.

महेशच्या रानाच्या वरच्या अंगाला शेततळं होतं. उताराला मोठा खड्डा, त्याला काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, चारी बाजूंनी तारेचं कुंपण. कांद्याला पाणी द्यायला केलेलं, त्यात त्यानं मासेही सोडले होते. मासा मोठा झाला तसा व्यापारी दारात येऊन बसला, आणि जाळं ओढायला माणूस मिळेना. गावातली पोरं उतरली तर जाळ्याच्या शिशानं कागद फाटायचा. लंकाबाईनं सांगितलं, आमचा बुधा बघेल.

अक्काबाई कामावरून उठून कुंपणापाशी गेली ती कोणी न सांगता. बुधा आधी नुसता कडेनं फिरून आला, खाली वाकून पाण्यात हात घातला. जुनं लुगडं मागवून घेतलं, त्याच्या चिंध्या काढल्या आणि जाळ्याच्या शिशांना एकेक गुंडाळत बसला. त्या वेळी त्याची पाठ हुबेहूब बापाची. अक्काबाईची छाती भरून आली, शेजारी उभ्या असलेल्या महेशच्या आईला ती म्हणालीसुद्धा, की याच्या बापानं धरणाचा तळ पायानं ओळखला होता, हे तुमचं तर टाकं आहे. म्हातारी हसली.

मग बुधा उतरला. दोन माणसांना दोन काठांवर दोर दिला, स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात, पायानं जाळ्याची कड दाबत चालत राहिला. जाळं आवळत आलं तसं पाणी उकळल्यासारखं झालं. रोहू, कटला, चिलापी, सगळं एकाजागी, एकमेकांच्या अंगावर, शेपट्यांच्या चपराका त्याच्या तोंडावर बसत होत्या आणि बुधा हसत होता. तोंड उघडून, दात दाखवून. अक्काबाईनं पुष्कळ दिवसांनी त्याचे दात बघितले. व्यापाऱ्यानं क्रेट भरले, टेम्पोत मोठा काटा होता त्यावर चढवले, उतरवले. कोणी आकडा मोठ्यानं वाचला नाही. कोणी विचारलंही नाही की अजून किती काढायचा. राहिलेला परवा काढू, महेश म्हणाला, नाहीतर आखाजीच्या सणाला, घाई कुठं आहे.

अक्काबाईची छाती भरून आलेली तशीच कुठेतरी खाली बसली.

निघताना म्हातारीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत एक रोहू तिच्या हातात दिला. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत पिशवी हातात होती आणि सगळी टोळी बघत होती. तो मासा तिनं शेडपर्यंत नेला कसा हे तिचं तिला ठाऊक. सवितानं चिंचेचं पाणी घालून कालवण केलं, आणि बायनं ताटात बोट घातलं ते ताट पुसून होईपर्यंत काढलं नाही. बुधा दोनदा वाढून घेऊन जेवला. अक्काबाईनं ताट पुढं ओढलं, वास घेतला आणि बाजूला सारलं. म्हणाली, याला खाद्याचा वास मारतो. कोणी आग्रह केला नाही. कोरडी भाकरी तिनं पाण्याबरोबर गिळली.

त्यानंतर बुधा कांद्यात कमी आणि तळ्यावर जास्त दिसू लागला. महेश गाडी थांबवून त्याच्याशी बोलायचा, एकदा खांद्यावर हात ठेवून बोलताना अक्काबाईनं बघितलं. त्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार ठरतात. सालभर एका शेतकऱ्याच्या मळ्यात राहायचं, त्याचंच काम करायचं, पुढच्या आखाजीपर्यंत दुसरीकडं बघायचं नाही. महेशचा जुना सालदार सोडून चालला होता. ती शेडच्या दाराशी विळ्याला धार लावत बसली होती तेव्हा महेश बुधाला इथंच राहा म्हणताना तिच्या कानावर आलं ते एवढंच, "आठेच ऱ्हाय जाय ना, भाऊ. खोली शे, लाइट शे, पानी शे." बुधा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. त्याचं बोलणं कधी दूरवर ऐकू यायचंच नाही.

तिनं त्याला विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, ही भीती. त्याऐवजी ती रोज काही ना काही धरणाचं काढायची. ट्यूबला ठिगळ, जाळ्याची तुटलेली कड, बापानं काठावर पुरलेला खुंटा. सवितानं भाकऱ्या थापता थापता ऐकायचं आणि बुधानं बायला मांडीवर घेऊन ऐकायचं. ऐकून दोघं एकमेकांकडं बघायची, आणि ते बघणं तिला अंगावर उन्हासारखं लागायचं.

कांदा सगळा चाळीत गेला. आखाजीला टोळीला गोडधोड जेवण झालं, आणि मग पिकअप आली. बायांनी गोधड्या गुंडाळल्या, ज्याला त्याला घरी न्यायला मालकानं कांद्याचं एकेक पोतं दिलं. अक्काबाईनं आपली भगुली फडक्यात बांधली, बुधाची गोधडी बांधायला घेतली तर गोधडी जागेवर नव्हती. चाळीपलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं. आत दोरीवर सविताचं लुगडं वाळत होतं.

बुधा तिच्यामागून आला. म्हणाला, "आये, मी येत नाय."

ती म्हणाली, चार दिवसांनी ये मग, मी पुढं होते. तिला ठाऊक होतं तो काय म्हणतोय, तरी म्हणाली. मग तिनं विचारलं की पाणी उघडल्यावर तराफा कोण घालणार, आणि तिच्या आवाजात जरब होती, ती जुनी, जिला तो लहानपणापासून दचकायचा.

"कोनबी घालू दे."

"नाव कमी व्हईल आपलं. बापाचं नाव हाय त्ये. जमीन बुडवून घेतलेलं पानी हाय."

"व्हऊ दे." तो अजूनही खालच्याच आवाजात बोलत होता. "तू घातलंस ना समदं काट्यावर. माझ्या पोरीच्या ताटातलं बी घातलंस. आता काय राह्यलंय तितं मला?"

अक्काबाईचा हात उठला होता. कुठं जायला उठला हे तिलाही ठाऊक नव्हतं, त्याच्या थोबाडीवर की त्याच्या खांद्यावर. तिच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. की ते तुझ्याचसाठी घातलं, घराच्या नावासाठी घातलं, लोकांनी तुझ्या बापाला विसरू नये म्हणून घातलं. तेवढ्यात सविता बायला कडेवर घेऊन दारात आली. आजवर सासूच्या तोंडाला तोंड न देणारी सून. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमी बी ऱ्हावा. खोली मोठी हाय. म्हातारीला बी हाताशी मानूस पायजे, ती म्हनत व्हती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती मनापासून सांगत होती. म्हातारीची धुणीभांडी, संध्याकाळी तळ्यातला मासा, पोर मांडीवर. अक्काबाईनं ते सगळं डोळ्यांपुढं बघितलं, क्षणभरच. हात खाली आला.

"माझं घर हाय," ती म्हणाली.

बायला तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर परत देता आलं नसतं. पोर मात्र तिच्या फडक्यातल्या भगुल्यांच्या आवाजाकडं हात पसरून झेपावत होती, सवितानं तिला आवरून धरली. बुधानं कांद्याचं पोतं उचलून पिकअपमध्ये टाकलं, आईला हौद्यात चढायला दंड धरून हात दिला, आणि गाडी हलेपर्यंत फाळक्याला हात लावून उभा राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, फाळक्यावर टेकलेल्या त्याच्या हातावर नजर ठेवली. बोटांच्या पेरांवर ओले, ताजे चिरे पडले होते.

गाडी निघाली. लंकाबाई मुकादम, तिची जागा पुढं. ती पुढं बसली नाही. मागं हौद्यात चढली आणि बायांना सारून अक्काबाईच्या शेजारी पोत्याला टेकून बसली.

आता ही बोलणार, अक्काबाईनं मनाशी धरलं. आता हिचा दिवस आहे. तिनं उत्तरं काढून ठेवली. लंकाबाईचा थोरला दारूत बुडालाय ते. लंकाबाईची लेक सासर सोडून गेली ते. एकेक धार लावून ठेवलं. देवळा मागं गेलं, भावडबारीच्या वळणांवर बाया एकमेकींवर कलंडल्या, लंकाबाई बोलली नाही. वडाळीभोईला गाडी हायवेला लागली. ड्रायव्हर चहाला थांबला, लंकाबाईनं एक चहा तिच्यासाठी आणला आणि हातात दिला. अक्काबाईनं तो घेतला. मग ओझर गेलं, नाशिकचा पूल आला, खाली शहरातली गर्दी, वर ऊन. घोटी जवळ येऊ लागली. वारा गार झाला आणि त्याला पाण्याचा वास आला.

अक्काबाईला ते सोसवेना. तिनं मान वळवली आणि आवाजात जितकं विष आणता येईल तितकं आणून म्हणाली, "बोल की लंके. कवाची गप हायेस."

लंकाबाईनं तिच्याकडं बघितलं. डोळे कांद्यानं अजून लाल होते तिचेही. तिनं आपल्या पोत्याला पायानं रेटा दिला, ते कडेला सरकवलं आणि दोघींच्या मधे थोडी जागा केली.

"पाय लांब कर," ती म्हणाली. "आखडतील."

अक्काबाईनं पाय लांब केले.